नैवेद्याची बरणी

गोळ्या साक्ष देऊ लागल्या त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती आणि माणसांच्या साक्षीला फारसा भाव उरला नव्हता. अण्णा दुसाने यांनी ‘मी गोळी घेतली’ असं मुलाला फोनवर सांगितलं, शेजाऱ्यांना जिन्यात सांगितलं, डॉक्टरांना त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून सांगितलं. गोळी मात्र काही बोलली नव्हती. तेव्हा अण्णांनी गोळी घेतलेली नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

साक्ष देणाऱ्या गोळीमागचं शास्त्र साधं आहे. गोळीच्या गाभ्यात खसखशीच्या दाण्याएवढी एक चकती असते. तिच्या एका अंगाला तांब्याचा लेप, दुसऱ्या अंगाला मॅग्नेशियमचा. गोळी पोटात विरघळली की चकती उघडी पडते, पोटातलं आम्ल दोन्ही लेपांना भिडतं आणि तिथल्या तिथे एक इवलीशी बॅटरी तयार होते. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून वीज काढून दाखवतात, तसंच. फक्त लिंबाच्या जागी माणूस. ही बॅटरी काही मिनिटंच जगते. तेवढ्या आयुष्यात चकती आपला बॅच नंबर पुन्हा पुन्हा सांगत राहते. पोटावर चिकटवलेली पट्टी तो ऐकते, फोनला कळवते, आणि फोनवर हिरवा ठिपका उमटतो.

गोळी बोलली, तर माणसाने ती घेतली. गोळी बोलली नाही, तर माणसाने ती घेतली नाही. यातलं पहिलं वाक्य शास्त्रज्ञांचं होतं आणि दुसरं विमा कंपन्यांचं. पण दोन्ही एकाच पत्रकावर एकाखाली एक छापलेली असल्यामुळे दुसरंही शास्त्रच समजलं गेलं.

मग ठिपक्यांवरून औषधशिस्तीची श्रेणी ठरू लागली, श्रेणीवरून विम्याचा हप्ता ठरू लागला, आणि हप्त्यावरून घरातलं बोलणं ठरू लागलं. सासवा सुनांना हिरवे ठिपके दाखवत. नवरे बायकोचे ठिपके ऑफिसातून बघत. लग्नाच्या स्थळांत पत्रिकेबरोबर औषधशिस्त विचारली जाई, आणि ‘मुलीला कसलंच औषध चालू नाही’ हे उत्तर थोडं संशयास्पद मानलं जाई.

अण्णांना मागच्या वर्षी अर्धांगाचा बारीक झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण मागे फीट राहिल्या. त्यासाठी रोज एक गोळी. ती चुकवायची नाही. अण्णा मनमाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःची ड्यूटी कधी चुकवली नव्हती, ती आता गोळीची झाली म्हणून चुकवतील असं वाटायला काही कारण नव्हतं. पण गेला महिनाभर ठिपका लाल होता. आणि ठिपका असाच राहिला तर नियमाप्रमाणे दोनच वाटा होत्या: विमा सोडा, नाहीतर देखरेख निवासात राहायला जा. तिथे एक नर्स सकाळी जिभेखाली बोट घालून बघते.

धाकट्या मुलाने, चेतनने, पुण्यात बसून इगतपुरीचा देखरेख निवास शोधून ठेवला होता. खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो, असं तो दर वेळी सांगायचा. अण्णांनी एकदाच विचारलं, की डोंगराला माझ्याशी बोलता येतं का. अण्णांचं मनमाडचं घर स्टँडपासून चालत जाण्याजोगं होतं. रोज सकाळी ते तिथल्या बाकावर बसत आणि नव्या कंट्रोलरच्या घोषणांतल्या चुका आपल्या मित्रांना सांगत. एवढाच त्यांचा संसार उरला होता. तो इगतपुरीला हलवता येण्यासारखा नव्हता.

त्याआधी चेतनने एक प्रयत्न म्हणून जेवणाच्या टेबलावर कॅमेरा बसवून घेतला. कॅमेऱ्यात अण्णा गोळी तोंडात टाकताना आणि पाणी पिताना स्वच्छ दिसत. चेतनने ते डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मुरलेले पेशंट गोळी गालात धरतात. मग कॅमेराही अण्णांच्या बाजूचा पुरावा राहिला नाही. उलट अण्णा मुरलेले आहेत, एवढं सिद्ध झालं.

या सगळ्यात थोरली मुलगी हेमांगी हिचीही भर होती. तिचंही अण्णांना दोनदा रागावून झालं होतं. तिचा राग जास्त रास्त होता, कारण गोळ्या तीच आणून द्यायची. सिन्नरच्या ज्या शतंजीव फार्मात त्या गोळ्या बनत, तिथल्याच क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, ती नोकरीला लागून आता केस पिकायला लागले होते. तिने लग्न केलं नव्हतं. का, असं विचारणारी मावशी-आत्यांची पिढी संपली होती, त्यामुळे तो विषय आता सुटीच्या दिवशीही निघत नसे.

एका रविवारी स्टँडच्या बाकावर अण्णांना फीट आली. जीभ चावली गेली. चहावाल्याने फोन केला. हेमांगी पोचली तेव्हा अण्णा घरी येऊन कॉटवर बसले होते आणि शर्टवरचे रक्ताचे डाग थंड पाण्यात भिजवले पाहिजेत, एवढंच बोलत होते. चेतन फोनवर होता. तो म्हणाला, “ताई, बघितलंस? आता तरी खरं सांगायला सांग त्यांना.”

अण्णांनी फोनकडे पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. त्यांनी आठवडाभर आधीच उत्तर देणं सोडलं होतं. तेच हेमांगीला खुपलं. अण्णा भांडले असते तर तिने मानलं असतं, की लपवतायत. खोटं बोलणारा माणूस इतका दमत नाही.

तिने समोर बसून त्यांना गोळी दिली. तोंड उघडायला लावून टॉर्चने गाल, टाळू, जिभेखालची जागा पाहिली. अण्णांनी निमूटपणे आ केला. मग ती दुपारभर त्यांच्या पाठीमागे सावलीसारखी फिरली. ते बाथरूमला गेले तेव्हा बाहेर उभी राहून तिने त्यांना बोलत राहायला सांगितलं, आणि त्यांनी आतून मनमाड-शिर्डी गाडीचे सगळे थांबे क्रमाने म्हटले. संध्याकाळी फोन पाहिला. ठिपका लालच.

हेमांगी घरी जाताना पर्समध्ये अण्णांच्या पाकिटातल्या दोन गोळ्या घेऊन गेली.

प्रयोगशाळेत गोळी विरघळण्याची चाचणी असते. ओळीने सहा काचेची भांडी, त्यांत शरीराइतकं कोमट आम्लाचं पाणी, आणि प्रत्येकात एक वल्हं मंदपणे फिरत राहतं. गोळी टाकायची आणि ठरावीक वेळाने पाणी काढून त्यात किती औषध उतरलं ते मोजायचं. तिने त्यांतलं एक भांडं रिकामं पाहून अण्णांची एक गोळी आत सोडली. जेवणाच्या सुट्टीत सोडली. चहाच्या वेळी येऊन पाहिलं तर गोळी भांड्याच्या तळाशी चिंचोक्यासारखी गोल गोल फिरत होती. कडासुद्धा झिजल्या नव्हत्या.

हेमांगीला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. धक्का बसायला माहिती नवी असावी लागते. तिला फक्त दोन जुन्या माहितींची गाठ एकमेकींशी पडलेली दिसली.

पहिली माहिती अशी, की चकती आत घातल्यापासून गोळ्या पाकिटातच तुटायला लागल्या होत्या. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा गोळी दाबणाऱ्या मशीनचा दाब वाढवण्यात आला. दगडासारख्या कडक झालेल्या गोळ्या तुटायच्या थांबल्या आणि खालच्या मजल्यावर पेढे वाटले गेले.

दुसरी माहिती म्हणजे नैवेद्याची बरणी.

ही बरणी चाचणीच्या टेबलाखालच्या कपाटात असे. नवं मशीन आलं तेव्हा मशीन कंपनीच्या माणसांनी स्वतः उभं राहून, सावकाश, एक चाचणी-बॅच काढून दिली होती. त्या गोळ्या अप्रतिम होत्या. ती बॅच बाजारात जाणार नव्हती, म्हणून बरणीत भरून ठेवली. पुढे कधीतरी एखादी बॅच विरघळेना, तेव्हा कोणीतरी विचार केला की भांड्यातच काही दोष असेल. बरणीतल्या गोळ्या टाकून पाहू. त्या सुरेख विरघळल्या. म्हणजे भांडं ठीक होतं. नंतर दर वेळी आधी भांडं ठीक आहे का, ते पाहायची रीत पडली. नंतर भांडं ठीक आहे म्हटल्यावर बॅचही ठीक असणारच, अशी रीत पडली. आणि शेवटी, खाली ट्रक भरून उभे असताना दोनदा चाचणी कशाला, अशी रीत पडली. कोणीही कोणालाही फसवायचं ठरवलं नव्हतं. त्र्यंबकेश्वरहून येणाऱ्या एका गमत्या सहकाऱ्याने बरणीला नैवेद्य हे नाव दिलं: देवाला दाखवायचं ताट वेगळं, निगुतीने वाढलेलं, घरच्यांनी पातेल्यातलं जेवायचं. सगळे हसले होते. हेमांगीही हसली होती.

फरक एवढाच, की घरी ताट आणि पातेलं एकाच चुलीवरचं असतं.

चकत्या आपला नंबर बोलतात, तेव्हा प्रयोगशाळेतही त्या ऐकायची सोय होती. भिंतीवर एक रिसीव्हर बसवलेला होता. पण तो सुरू केला, की भांड्यातल्या गोळ्या आपली खरी बॅच सांगू लागत, म्हणून तो ‘गोंगाटामुळे’ बंद ठेवण्यात आला होता. त्यावर कोणीतरी रुमाल वाळत घातलेला असे.

क्यूसीचे प्रमुख विद्याधर टिपरे हेमांगीचे वीस वर्षांपासूनचे साहेब. तिला पहिल्यांदा पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं. तिने त्यांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून सांगितलं की अण्णांची गोळी विरघळत नाही.

टिपऱ्यांनी चष्मा काढला. कुठली बॅच, हे त्यांनी विचारलं नाही. तिथेच तिला उत्तर मिळालं.

“तुटलेली गोळी गिऱ्हाइकाला दिसते हेमांगी,” ते म्हणाले. “न विरघळलेली दिसत नाही. मी दोनदा वर लिहून दिलं. दुसऱ्यांदा दिलं तेव्हा त्यांनी मला सत्कार समितीवर घेतलं.”

लाल ठिपक्यांचं काय, असं तिने विचारलं. ते म्हणाले की त्याचीही वर नोंद आहे. या गोळीच्या पेशंटांची औषधशिस्त देशभर ढासळते आहे, हे कंपनीच्या लक्षात आलं असून त्यांच्यासाठी समुपदेशनाची योजना सुरू केली आहे. ती चांगली चालली आहे. त्यांनी हे विनोद म्हणून सांगितलं नाही.

मग त्यांना एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं. ते म्हणाले, “अगं पण अण्णांसाठी तू बरणीतल्या का नेत नाहीस? आधी बोलायचंस ना. माझ्या भाचीला मी केव्हापासून इथल्याच देतो. आणखी तीन-चार घरं आहेत. तुला प्रसाद माहीत नाही?”

हेमांगीला माहीत नव्हतं. नैवेद्याचा पुढे प्रसाद होतो, हे तिला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. टिपरे स्वतः उठले, तिच्याबरोबर टेबलापर्यंत आले, खाली वाकताना कमरेला हात लावला, आणि बरणीचं झाकण स्वतः फिरवून त्यांनी एका डबीत गोळ्या ओतून दिल्या. पुरतील इतक्या. परत झाकण लावताना म्हणाले, “फक्त अण्णांना पट्टी काढून ठेवायला सांग. या बोलतात. बाजारात न गेलेला नंबर विमावाल्यांना दिसला, तर चोरीचा माल म्हणून आपोआप केस होते.”

डबी पर्समध्येच ठेवून हेमांगीने आधी रीतसर तक्रार केली. कंपनीचं ‘निर्भय’ नावाचं पोर्टल होतं. त्यावर नाव गुप्त ठेवून लिहिता येई. तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपल्या धैर्याबद्दल आभारी आहोत, आपली तक्रार चौकशीसाठी क्यूसी प्रमुखांकडे पाठवली आहे. थोड्या वेळाने टिपऱ्यांनी केबिनबाहेर डोकावून, चहा घेणार का, असं विचारलं. दोघांनी चहा घेतला. तक्रारीचा विषय निघाला नाही.

मग तिने सरकारी पोर्टलवर लिहिलं. तिथे पुरावा मागितला. तिने अण्णांचा लाल ठिपका आणि चिंचोक्यासारख्या गोळीचा फोटो जोडला. उत्तर लगेच आलं, माणसाने लिहिलेलं नसल्यामुळे शुद्ध मराठीत होतं. पुरावा ज्या रुग्णाकडून आला त्याची औषधशिस्त ‘ड’ श्रेणीची असल्याने तक्रार विश्वासार्हतेच्या क्रमाने यथावकाश घेतली जाईल. आणि फोडलेल्या पाकिटातली गोळी नमुना ठरत नाही. नमुना निरीक्षकाने उचलावा लागतो. निरीक्षक तक्रार दाखल झाल्यावर येतो.

तिने ते दोनदा वाचलं. अण्णांचं कोणी ऐकत नव्हतं कारण गोळी बोलत नव्हती, आणि गोळी बोलत नाही हे कोणी ऐकत नव्हतं कारण ते अण्णा सांगत होते.

शनिवारी ती डबी घेऊन मनमाडला गेली. अण्णांना सगळं सांगितलं: दाब, बरणी, प्रसाद, दोन्ही पोर्टलं. अण्णांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, “म्हणजे मी घेत होतो.”

“हो अण्णा.”

“तुला कळलं ना. बास.”

चेतनलाही तिने फोन लावून सांगितलं. चेतन शांतपणे ऐकून म्हणाला, की ताई, तू त्यांना पाठीशी घालतेस, हे नवीन नाही. इगतपुरीची जागा त्याने धरून ठेवली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

मग पट्टीचा प्रश्न आला. दुसऱ्या कंपनीची गोळी घेतली तरी विमा शतंजीवचाच नंबर ओळखणार, म्हणजे ठिपका लालच. पट्टी काढली तर फीट थांबतील, पण ठिपका लाल राहील, म्हणजे इगतपुरी. पट्टी ठेवली तर ठिपका हिरवा होईल, पण नंबरही जाईल, आणि चोरी उघडी पडेल. ती चोरी हेमांगीच्या नावावर लागेल.

अण्णा बराच वेळ डबी हातात फिरवत बसले. मग त्यांनी स्टँडवरची एक गोष्ट सांगायला घेतली, तशा ते नेहमीच सांगत, म्हणून हेमांगीने आधी अर्धवटच ऐकली. ब्रेक लागत नाही अशी एक गाडी होती. ड्रायव्हरांनी किती वेळा तक्रार दिली. अर्ज जायचा आणि गाडीही जायची. एकदा त्याच गाडीतलं डिझेल हिशेबात कमी भरलं. तर नाशिकहून साहेब जीप घेऊन आले, गाडी उभी केली, खालून वरून तपासली. तेव्हा ब्रेक कागदावर आले.

“ब्रेकसाठी कोणी येत नाही हेमा,” ते म्हणाले. “डिझेलसाठी येतात.”

अण्णांच्या पोटावरच्या पट्टीची एक कड उलटली होती. तिने ती अंगठ्याने नीट दाबून बसवली. अण्णा म्हणाले, नोकरीचा विचार कर. ती म्हणाली, केला. मग पाण्याचा पेला भरून आणला.

ठिपका हिरवा झाला. दोन दिवस झाला, तीन दिवस झाला. चेतनने इगतपुरीचं आरक्षण रद्द केलं आणि अण्णांना मेसेज पाठवला: शाब्बास! मनावर घेतलं की जमतं की नाही? अण्णांनी तो हेमांगीला वाचून दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

विमा कंपनीची फिर्याद आठवड्याच्या आतच पोलिसांत पोचली. शेकडो पेशंटांच्या पोटात औषध विरघळत नाही हे वर्षभर कोणाला ऐकू आलं नव्हतं. एका पेशंटच्या पोटात भलत्या नंबरची गोळी विरघळली, ते लगेच ऐकू आलं.

पंचनाम्याला पीएसआय गायत्री आव्हाड प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्याबरोबर विमा कंपनीचा एक तंत्रज्ञ होता, आणि पंच म्हणून कँटीनचे ठेकेदार आणि गेटवरचे वॉचमन. आव्हाड मॅडमना औषधांत काडीचा रस नव्हता, आणि हीच त्यांची मोठी गुणवत्ता ठरली. त्यांना फक्त मुद्देमाल हवा होता. बरणीतली गोळी आणि आजोबांच्या पोटातली गोळी एकाच बॅचची आहे, एवढं त्यांना बघायचं होतं. रिसीव्हरवरचा रुमाल काढण्यात आला. बरणीतली एक गोळी एका बाजूच्या पेल्यात आम्लाच्या पाण्यात सोडली. ती विरघळली आणि तिने आपला नंबर सांगितला. जुळला.

पण रिसीव्हर थांबेना. शेजारी त्या सकाळच्या बॅचची चाचणी चालू होती. भांड्यांवर नव्या बॅचची चिठ्ठी होती. आतल्या सहाही गोळ्या एकामागून एक बरणीचाच नंबर सांगू लागल्या.

आव्हाड मॅडमनी तंत्रज्ञाकडे पाहिलं, मग भांड्यांकडे. “या पण चोरीच्याच का?”

“याच बरणीतल्या आहेत, एवढं लिहा,” हेमांगी म्हणाली.

“मग भांड्यावर दुसरा नंबर कसा?”

टिपरे फरशीकडे बघत होते. शेवटी कँटीनच्या ठेकेदारांना ती शांतता सहन झाली नाही. टेबलावरच्या गप्पा त्यांच्या कानावर रोज पडत. मदतीच्या सुरात ते म्हणाले, “नैवेद्याच्या असतील मॅडम.”

आव्हाड मॅडमनी तेही लिहून घेतलं. पंचांनी सह्या केल्या.

कंपनीच्या वकिलांना घोळ कळायला संध्याकाळ व्हावी लागली. केस कोर्टात उभी राहिली तर पंचनामा कोर्टात जाणार, आणि कोर्टाच्या कागदाकडे औषध खात्याला विश्वासार्हतेचा क्रम लावता येत नाही. केस पडली, तर तोच पंचनामा पोलीस ठाण्याच्या कपाटात जाणार. तेव्हा कंपनीने दुसऱ्याच दिवशी कळवलं की चोरी मुळी झालेलीच नाही. गोळ्या क्यूसी प्रमुखांनी स्वतःच्या हाताने, सहानुभूतीपोटी दिल्या. टिपऱ्यांनी तसा जबाबही दिला.

तो जबाब अक्षरशः खरा होता.

टिपऱ्यांनी हेमांगीला पार्किंगमध्ये गाठलं. त्यांचा चेहरा रात्रभर न झोपलेल्यासारखा होता. ते म्हणाले, “मी दिल्या म्हणतोय ना. तू सुटतेस. तू चोर नाहीस, हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. मग चोरी केली असं पोलिसांना का सांगितलंस?”

“सर, तुम्ही दिल्या नाहीत,” ती म्हणाली. “मी उचलल्या.”

“झाकण मी उघडलं होतं, हेमांगी.”

“कोणी पाहिलं?”

मग भाचीचं काय होईल, असं त्यांनी विचारलं. हेमांगी म्हणाली, की तिच्यासाठी दुसऱ्या कंपनीची गोळी आणा, आजच आणा, मीही अण्णांना आता तीच आणली आहे. टिपऱ्यांनी मान हलवली. गाडीचं दार उघडून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. पिपेट धरायला शिकवलेल्या मुलीने आपल्याला खोटं ठरवलं, याचं त्यांना दुःख झालं होतं, आणि आपण खोटं ठरावं असंही कुठेतरी वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की माणूस दार उघडं ठेवून उभा राहतो.

आता एकाचं म्हणणं, दिल्या. दुसरीचं म्हणणं, उचलल्या. गोळ्या कशा आल्या, हे सांगू शकणारा तिसरा माणूस एकच होता.

पोलीस ठाण्यात जायच्या आदल्या संध्याकाळी चेतन पुण्याहून आला. तो घाबरलेला होता. ताईची नोकरी तर गेलीच होती, आता कोर्टकचेरी. त्याने अण्णांना समजावलं, की पट्टी चुकते म्हणून सांगा. पट्ट्या चुकतात, हल्ली फार चुकतात, असं त्याला बऱ्याच लोकांनी सांगितलंय. अण्णांनी त्याच्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं, की तो उठून गॅलरीत गेला.

हेमांगीने अण्णांना काही समजावलं नाही. एवढंच सांगितलं, की टिपरे सरांनी झाकण उघडून दिल्या, हे खरं आहे, आणि तुम्ही ते सांगितलंत तर मी सुटेन. अण्णांनी विचारलं, “आणि बाकीचे लाल ठिपकेवाले?” ती म्हणाली, त्यांचं यथावकाश.

सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात गेले. हेमांगीला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार उघडंच असल्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं. आव्हाड मॅडमनी अण्णांना पाणी दिलं आणि नाव, वय, पत्ता विचारून घेतला. गोळ्या कोणी आणून दिल्या?

“मुलीने.”

“कुणी दिल्या होत्या तिला?”

अण्णांनी पेला खाली ठेवला. “कुणी नाही. चोरून आणल्या. कुणाला न विचारता घेतल्या, असं ती मला म्हणाली.”

“कुणी साहेबांनी दिल्या, असं काही?”

“नाही.”

आव्हाड मॅडम लिहीत होत्या. पेन अडखळलं नाही. अण्णा थोडा वेळ त्या पेनाकडे बघत राहिले. मग त्यांनी खरोखरच जाणून घ्यायच्या सुरात विचारलं, “तुम्ही पट्टीला विचारणार नाही? कॅमेरा वगैरे?”

“कशाला?” मॅडमनी कागद फिरवून त्यांच्यापुढे केला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. “तुमच्या वयाचा माणूस पोटच्या पोरीबद्दल खोटं कशाला बोलेल, बाबा?”

अण्णांनी सही केली.